नासपती लावायची? आधी आपला हिवाळा मोजा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डॅनव्हर्स गावी नासपतीचे एक झाड आहे. १७व्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन एंडिकॉट यांनी ते लावले असे मानतात. वादळांनी ते मोडले, तरी बुंध्यातून पुन्हा फुटले आणि अजून उभे आहे. नासपती अशी दीर्घायुषी असते. योग्य जागी लागली तर लावणाऱ्याच्या नातवंडांनाही फळे देते, आणि चुकीच्या जागी लागली तर तितकीच वर्षे नुसती पाने मिरवत उभी राहते. म्हणून वाण निवडण्यात एखादा हिवाळा गेला, तरी तो वाया गेला असे मानू नका.

नवखी माणसे बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. कुठेतरी लोण्यासारखी मऊ, रसाळ नासपती खाल्लेली असते, तिचे नाव लक्षात राहते आणि त्याच नावाचे कलम शोधले जाते. पण ते फळ ज्या हवेत वाढले, ती हवा आपल्याकडे असेलच असे नाही. चव शेवटी बघायची. आधी हिवाळा, मग फुलोऱ्याच्या दिवसांतली हवा, मग रोग, मग जोडीदार झाड, मग जमीन. या क्रमाने चाललात की शेकडो नावांची यादी चार-पाच नावांवर येते. त्या चार-पाचांतून मात्र खुशाल जिभेला विचारून निवडा.

दोन घराणी

खाण्याच्या नासपतीची मुख्य घराणी दोन. एक युरोपीय: मानेकडे निमुळती, पिकल्यावर मऊ आणि सुवासिक. बार्टलेट, बॉस्क, आँजू, कॉमिस, कॉन्फरन्स ही सगळी या घराण्यातली. दुसरे आशियाई: बहुधा सफरचंदासारखे गोल, पिकल्यावरही कुरकुरीत आणि पाणीदार. निजिस्सेकी, होसुई, कोसुई, शिंको ही जपानी नावे. ‘या ली’ नावाचा चिनी वाण मात्र आकाराने नासपतीसारखाच दिसतो. या दोन घराण्यांच्या संकरातून आलेले वाण हे तिसरे दालन. उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांनी त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण पुढे बऱ्याचदा तेच कामी येतात.

काढणीही दोघांची वेगळी. आशियाई फळ झाडावरच पिकते. रंग बदलला, एक चाखून पाहिले, गोड लागले की काढायचे. युरोपीय फळ झाडावर पिकू दिले तर गाभ्याकडून तपकिरी आणि पिठूळ होत जाते, वरून मात्र छान दिसते. ते कडक असतानाच काढायचे: फळ तळहातावर घेऊन आडवे उचला, देठ फांदीपासून अलगद सुटला तर वेळ झाली. मग घरात पिकवायचे. देठाजवळची मान अंगठ्याने हलकेच दाबून किंचित दबली की खायला घ्या. आँजूसारख्या हिवाळी वाणांना त्याआधी सुमारे दोन महिने थंडाव्यात ठेवावे लागते, तरच ते नीट पिकतात. तेवढी थंड जागा तुमच्याकडे नसेल, तर हे वाण आत्ताच यादीतून काढा.

पायरी १: थंडीचे तास मोजा

या लेखातून एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा.

नासपती हिवाळ्यात पाने गाळून झोपते. डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कळ्यांना, ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय ही झोप नीट मोडत नाही. ही थंडी तासांत मोजतात आणि बागायतदार तिला ‘चिलिंग अवर्स’ म्हणतात. साधी व्याख्या अशी: पानगळ झाल्यापासून डोळे फुगेपर्यंत, तापमान ० ते ७ अंश सेल्सिअस यांच्यामध्ये असलेला प्रत्येक तास एक धरायचा. कडक गोठलेले तास या हिशेबात येत नाहीत, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते.

थंडी कमी पडली तर काय होते, ते एकदा पाहिले की विसरत नाही. वसंतात बाकीची झाडे हिरवी झालेली असतात आणि नासपतीच्या फांद्या मधल्या भागात उघड्याबोडक्या राहतात. टोकाला पानांचा झुबका, बुंध्याकडे एखादे पान, मध्ये झोपलेलेच राहिलेले डोळे. फुले एकदम न येता महिनाभर चार-चार, पाच-पाच करून येतात आणि जोडीदार झाडाच्या फुलोऱ्याशी त्यांची गाठच पडत नाही. झाड मरत नाही, म्हणून माणूस वर्षानुवर्षे खत-पाणी वाढवत बसतो. अशा झाडाला खताची भूक नसते, त्याची झोप अपुरी राहिलेली असते.

ढोबळ आकडे लक्षात ठेवा. बहुतेक युरोपीय वाणांना ६०० ते १,००० तास लागतात. बार्टलेटसाठी ८०० धरून चालतात. आशियाई वाणांपैकी बऱ्याच जणांचे ३०० ते ६०० मध्ये भागते. किफर हा संकरित वाण ३५० ते ४०० च्या आसपास बसतो. हूड आणि फ्लोरडाहोम यांसारखे, खास उष्ण प्रदेशांसाठी पुढे आलेले वाण ३०० च्या आतच जागे होतात. पंजाबच्या मैदानी भागात पिकणारी पत्थरनाख ही कडक नासपतीही कमी थंडीवर भागवणाऱ्यांपैकीच. एकाच वाणाचे आकडे ठिकाणागणिक थोडे बदलतात, तेव्हा त्यांच्याकडे पट्टा म्हणूनच पाहा.

मोजायचे कसे? जवळच्या हवामान केंद्राची तासागणिक नोंद मिळाली तर उत्तम. नाहीतर तापमान नोंदवून ठेवणारा साधा डिजिटल तापमापक झाडाच्या नियोजित जागी, सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर टांगा. भिंतीला टेकवू नका. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडत राहते. समजा, थंडीचे ७० दिवस निघाले आणि रोज सरासरी ७ तास पारा ७ अंशांच्या खाली, पण शून्याच्या वर राहिला, तर ४९० तास झाले.

एका हिवाळ्यावर विसंबू नका. तीन वर्षांचे आकडे ६२०, ४८० आणि ३९० असे आले, तर वाण ३९० च्या हिशेबाने निवडा. सरासरी घेतली की तिसऱ्या वर्षी झाड अर्धवट जागे होणार, हे ठरलेलेच. शिवाय हिवाळ्यातली ऊनऊन दुपार मिळालेली थंडी पुसून टाकते: थंडी मोजण्याच्या ‘युटा’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीच्या गणितात १६ अंशांच्या वर गेलेले तास वजा होतात. तुमच्याकडे रात्री थंड आणि दुपारी उबदार असतील, तर साध्या मोजणीचा आकडा थोडा फुगलेला आहे असे समजा आणि त्याहून कमी गरजेचा वाण घ्या.

मोजायला खरोखरच काही साधन नसेल, तर आजूबाजूची झाडे पाहा. तुमच्या परिसरात सफरचंदाचे जुने वाण किंवा चेरी दरवर्षी न चुकता फळत असतील, तर युरोपीय नासपतीला वाव आहे. तिथे फक्त कमी थंडीचे पीचच फळत असतील, तर सरळ कमी थंडीच्या यादीकडे वळा. उष्ण कटिबंधातही उंचीमुळे आशा राहते, कारण दर १,००० मीटर चढाला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते.

पायरी २: फुलोऱ्याची तारीख आणि शेवटचा गारठा

‘मग सगळ्यांनीच कमी थंडीचे वाण लावले तर?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. थंड प्रदेशात तीच चूक उलटी होते. २०० तासांवर भागणारा वाण १,००० तासांच्या हवेत लावला, तर त्याची गरज ऐन हिवाळ्यातच भागते. पुढे चार उबदार दिवस आले की तो फुलायला लागतो, आणि नंतरची थंडीची लाट सगळा बहर घेऊन जाते. गरज आणि पुरवठा जवळजवळ जुळला पाहिजे.

नासपती सफरचंदाच्या आधी फुलते आणि आशियाई वाण सहसा युरोपीयांच्याही आधी. पूर्ण उमललेल्या फुलांना उणे २.२ अंशांवर अर्धा तास काढावा लागला तर सुमारे दहावा हिस्सा फुले जातात, उणे ४.४ ला जवळजवळ सगळी. गारठ्याच्या रात्रीनंतर झाडाकडे लांबून पाहू नका. पाकळ्या पांढऱ्याशुभ्रच असतात. दोन-चार फुले तोडून नखाने उभी चिरा. मधला हिरवट स्त्रीकेसर काळा पडला असेल, तर त्या फुलाचे फळ गेले.

म्हणून तुमच्याकडे दव गोठण्याची शेवटची रात्र साधारण कधी येते ते लिहून ठेवा आणि त्यानंतर फुलणारा वाण शोधा. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागेत साचते. उताराच्या मधल्या टप्प्यावर लावलेले झाड वाचते, तर खालच्या खोलगटातले त्याच वाणाचे झाड फुले गमावते.

कडाक्याच्या हिवाळ्याचा प्रश्न वेगळा. युरोपीय वाण झोपेत असताना उणे २५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतात, जपानी त्याहून थोडे नाजूक. त्याखाली नियमित पारा जात असेल, तर उस्सुरी नासपतीचे रक्त असलेले वाण घ्या. हे घराणे ईशान्य आशियातले आणि सगळ्या नासपतींत सर्वांत काटक. युर आणि गोल्डन स्पाइस ही त्यातली ओळखीची नावे. फळ लहान असते, पण झाड जगते.

उन्हाळा किती लांब आहे तेही पाहा. बार्टलेट फुलल्यापासून साधारण चार महिन्यांत काढणीला येते, आँजूला पाचच्या आसपास लागतात. उन्हाळा आखूड असेल तर लवकर येणारेच वाण बरे.

पायरी ३: दमट हवा आणि फायर ब्लाइट

हिवाळा जुळला तरी एका रोगामुळे अख्खी बाग जाऊ शकते. फायर ब्लाइट. अर्विनिया अमायलोव्होरा नावाचा जिवाणू फुलांतून आत शिरतो. फुलोऱ्याच्या वेळी हवा उबदार आणि ओली असली की तो झपाट्याने वाढतो. कोवळ्या फांद्यांचे शेंडे छत्रीच्या मुठीसारखे वाकतात, पाने जाळल्यासारखी काळी होतात आणि काळी होऊनही गळत नाहीत. १८व्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कजवळ या रोगाची नोंद झाली. पुढे सुमारे शंभर वर्षांनी थॉमस बरिल यांनी त्यामागे जिवाणू असल्याचे दाखवले. वनस्पतीचा रोग जिवाणूमुळे होतो हे दाखवणाऱ्या पहिल्या कामांपैकी ते एक.

रोग आला तर दिसणाऱ्या डागाच्या २५-३० सेंटिमीटर खाली, निरोगी लाकडात फांदी कापतात आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसतात. पण खरा उपाय वाण निवडतानाच करायचा. बार्टलेट आणि बॉस्क या रोगाला सहज बळी पडतात. किफर, मूनग्लो, मॅग्नेस, हॅरो स्वीट, वॉरन हे बऱ्यापैकी तग धरतात, आणि आशियाईंत शिंको. तुमच्या देशात हा रोग आहे का, हे कृषी खात्याकडे विचारून घ्या. काही देश अजून त्यापासून मुक्त आहेत, आणि तिथे बार्टलेट नाकारायचे कारण उरत नाही.

बाकीच्या रोगांचेही प्रदेशाशी असेच नाते असते. फळा-पानांवर काळपट डाग पाडणाऱ्या स्कॅबचेच पाहा. युरोपीय झाडांना छळणारी बुरशी आणि जपानी झाडांना छळणारी बुरशी वेगळी, आणि एकीचा दुसऱ्या घराण्याला सहसा उपद्रव नाही. तांबेऱ्याची बुरशी हिवाळा जुनिपरच्या झाडावर काढते, तेव्हा शेजारी जुनिपरची कुंपणे असतील तर पानांवर दरवर्षी केशरी ठिपके येतील हे गृहीत धरा.

निजिस्सेकीची गोष्ट इथे सांगायला हवी. १८८८ मध्ये जपानच्या चिबा भागात एका तेरा वर्षांच्या मुलाला कचऱ्याच्या ढिगात उगवलेले रोप सापडले. त्याला इतके सुंदर फळ लागले की पुढे त्याचे नाव ‘विसावे शतक’, म्हणजे निजिस्सेकी, पडले. फळ अप्रतिम, पण दमट हवेत काळ्या ठिपक्यांचा रोग पाठ सोडेना. अखेर गॅमा किरणांच्या साहाय्याने त्याच वाणातून ‘गोल्ड निजिस्सेकी’ हा रोगाला तोंड देणारा प्रकार काढला गेला. दमट भागात या नावाचे कलम मिळाले, तर दोघांपैकी कोणते ते विचारून घ्या.

पायरी ४: जोडीदार

नासपतीच्या बहुतेक वाणांना स्वतःच्या परागकणांवर नीट फळ धरत नाही. त्याच सुमारास फुलणारा दुसरा वाण जवळ हवा, शक्यतो १५-२० मीटरच्या आत. इथे चार ठिकाणी माणसे फसतात.

पहिली, नावांची. बार्टलेट मुळात इंग्लंडचा विल्यम्स. १८व्या शतकाच्या अखेरीस ही झाडे अमेरिकेत गेली, मूळ नाव हरवले आणि ज्या इनॉक बार्टलेट यांच्या जमिनीत ती उभी होती त्यांचे नाव चिकटले. १८२८ मध्ये इंग्लंडहून नवी झाडे आली तेव्हा कळले, दोन्ही एकच. तुम्ही एक विल्यम्स आणि एक बार्टलेट घेतलात, तर जोडी जमलीच नाही. त्याच्यातून निघालेला लाल बार्टलेटही परागीभवनापुरता बार्टलेटच.

दुसरी, न जमणाऱ्या जोड्या. बार्टलेट आणि सेकेल यांचे एकमेकांच्या परागकणांवर फळ धरत नाही.

तिसरी, मॅग्नेस आणि निताका यांचे परागकण निकामी असतात. या वाणांना स्वतःला फळ धरते, पण त्यांचे परागकण दुसऱ्या कोणाच्या कामी येत नाहीत. अशा वाणासोबत आणखी दोन वाण लागतात, म्हणजे ते दोघे एकमेकांचे भागवतील.

चौथी, वेळ. युरोपीय आणि आशियाई घराण्यांत एकमेकांचे परागकण चालतात, पण आशियाई फुले गळून गेल्यावर युरोपीय उमलली तर काय उपयोग!

जागा एकाच झाडापुरती असेल तर कॉन्फरन्स पाहा. १८८५ च्या ब्रिटिश नासपती परिषदेवरून नाव पडलेला हा वाण परागीभवनाशिवायही बिनबियांची, काकडीसारखी लांबट फळे धरतो. जोडीदार मिळाला तर आणखी चांगली. दुसरा मार्ग म्हणजे एकाच झाडावर दुसऱ्या वाणाची फांदी कलम करणे. मी अंगणांसाठी हाच सुचवते. आणि मधमाश्या नासपतीवर फारशा खूश नसतात, कारण तिच्या मधुरसात साखर कमी असते. त्याच वेळी शेजारी मोहरी बहरली असेल, तर त्या तिकडेच जातील. म्हणून जोडीदार जितका जवळ, तितका बरा.

पायरी ५: जमीन आणि खुंट

नासपती चिकण, जड माती सफरचंदापेक्षा बरी सोसते. सामू (पीएच) ६ ते ७ असावा. निचरा पाहायला अर्धा मीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदाचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले तर जागा बदला किंवा गादीवाफा करा.

वरचा वाण कोणताही असो, खाली मुळे दुसऱ्याची असतात. त्यांनाच खुंट म्हणतात. बिही, म्हणजे क्विन्सच्या खुंटावर झाड बुटके राहते आणि तीन-चार वर्षांत फळाला येते. पण चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात, आणि बार्टलेट व बॉस्क यांचा त्याच्याशी सांधा नीट जुळत नाही. मध्ये ब्यूरे हार्डीसारख्या वाणाचा तुकडा बसवावा लागतो. तो बसवला आहे का, हे विचारल्याशिवाय असे कलम घेऊ नका, नाहीतर भर वाऱ्यात, फळांनी लगडलेले झाड सांध्यातून तुटते. बेट्युलिफोलिया हा खुंट ओल, कोरड आणि उष्णता तिन्ही सोसतो, झाड मात्र मोठे होते. ओल्ड होम आणि फार्मिंगडेल या दोन वाणांच्या संकरातले खुंट फायर ब्लाइटला दाद देत नाहीत.

पायरी ६: रोपवाटिकेत

इथे पोचेपर्यंत तुमच्या कागदावर चार-पाच नावे उरली असतील. माझ्या अनुभवाने, थंडी ३०० तासांच्या आत असेल तर हूड आणि फ्लोरडाहोम ही जोडी. ३५० ते ६०० मध्ये किफरसोबत, फुलोरा जुळेल ते पाहून, होसुई किंवा शिंको. किफरला कणीदार म्हणून नावे ठेवतात, पण शिजवल्यावर, मुरंब्यात त्याला तोड नाही, आणि जिथे बाकीचे वाण हात टेकतात तिथे तो फांद्या वाकेपर्यंत फळतो. ८०० च्या पुढे आणि कोरडी हवा असेल, तर बार्टलेटसोबत बॉस्क किंवा आँजू. तीच थंडी, पण हवा दमट असेल, तर हॅरो स्वीट आणि मूनग्लो.

कलम घेताना सांधा बोटांनी चाचपून पाहा. जमिनीपासून वीतभर वर एक गाठ किंवा किंचित बाक असतो. वाढ त्याच्या वरून फुटलेली हवी. माझे पहिले कलम मी हे न पाहता आणले. प्रवासात वरचा डोळा मेला होता आणि खालून फुटलेल्या तरतरीत फांद्यांना मी तीन वर्षे पाणी घालत राहिले. चौथ्या वर्षी फांद्यांवर काटे लांबले आणि बोराएवढी तुरट फळे आली, तेव्हा कळले की वाढला तो खुंट. काटे आणि सांध्याखालची फूट दिसली की ते कलम बाजूला ठेवा. लावल्यानंतर दिसली तर त्याच दिवशी बुडातून काढा.

एक वर्षाचे, पेन्सिल ते अंगठा यांच्यामधल्या जाडीचे कलम पुरे. उंच झाड लवकर फळेल या आशेने मोठे घेऊ नका, कारण त्याची मुळे उपटताना जास्त तुटलेली असतात. बीपासून उगवलेले रोप तर अजिबात नको, कारण ते आईच्या वाणाचे निघत नाही.

लावताना सांधा मातीच्या वर चार बोटे राहू द्या. वाणाचे आणि खुंटाचे नाव धातूच्या पट्टीवर कोरून फांदीला सैल तारेने बांधा, आणि तेच वहीत लिहा, कारण पट्ट्या हरवतात. त्याच वहीत दर वर्षी चार नोंदी करा: थंडीचे तास, पहिले फूल कधी उमलले, दव गोठण्याची शेवटची रात्र, आणि जोडीदार झाड त्या दिवशी फुलले होते की नाही.